आपोआप ओवणारी सुई

आमच्या मास्तरांना सुई ओवता येत नाही. बाकी सगळं आहे. दारावर पाटी आहे, पाटीवर ‘स्पेशालिस्ट’ असं लिहिलं आहे, गळ्यात टेप आहे, कानावर पेन्सिल आहे. शिंप्याच्या अंगावर जे जे दिसायला हवं ते ते झाडून सगळं आहे. फक्त सुईचं नेढं दिसत नाही, आणि ही गोष्ट आमच्या घरात आजवर कुणी तोंडातून काढलेली नाही.

मास्तर म्हणजे माझा नवरा. सगळी गल्ली मास्तर म्हणते म्हणून मीही म्हणते, नाहीतर शिकवलंय कुणाला काय ते देव जाणे. पुढची खोली दुकान, मधे चिंचोळा बोळ, मागे स्वयंपाकघर आणि झोपायची खोली, असा आमचा संसार. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक बसलेलं असतं आणि मशीनवर दोरा तुटतो. दुसरा कुणीही शिंपी काय करेल? डोळे बारीक करेल, दोऱ्याचं टोक चाटेल, सुई ओवेल. आमचे मास्तर काय करतात? ते उठतात, गळ्यातला टेप काढून खुर्चीच्या पाठीवर टाकतात आणि दारात जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहतात. जणू समोरून वरात येणार आहे. तो टेप खुर्चीवर पडला की मी हातात फडकं घेऊन आतून यायचं, मशीनवरून दोनदा फडकं फिरवायचं, तेवढ्यात सुई ओवायची आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं आत जायचं. गिऱ्हाइकांना वाटतं बाई फार स्वच्छतेची आहे. एक बाई तर मला म्हणाली होती, “तुमच्याकडून शिकावं हो. नाहीतर आमच्याकडे धुळीची पुटं.”

चष्मा नाही असं नाही. आहे, आणि चांगला जाड आहे, पण तो राहतो खणात. गिऱ्हाइकाची चाहूल लागली की डोळ्यांवरचा चष्मा खणात जातो. मास्तरांचं म्हणणं, शिंप्यानं चष्मा लावला की गिऱ्हाईक दुसऱ्या शिंप्याकडे बघायला लागतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! पण ती मूठ झाकायला दोन हात लागतात, आणि त्यातला एक कायम माझा असतो, हे मास्तरांच्या हिशेबात कधी आलं नाही.

कौतुक हा शब्द या माणसाच्या कोशात नाही. चहा चांगला झाला तर गप्प पितात, वाईट झाला तर बोलतात. एकाच बाबतीत ते मला मान द्यायचे, आणि तोही गिऱ्हाइकासमोर. कापड हातात आलं की हाक मारायचे, “अगं, याला दोरा काढून दे. रंगातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.” मी रिळांच्या फळीशी उभी राहायची, कापड उजेडात धरायची, नेमकं रीळ काढून द्यायची आणि मनातून चांगली टम्म फुगायची. बाईमाणसाला फुगायला फार काही लागत नाही.

तर अशा या कारभारात आमच्या लेकीला दिवस गेले. ती दूर, एका रात्रीच्या प्रवासावर. नोकरीच्या गावी. सासू हयात नाही, जावई महिन्यातला निम्मा वेळ बाहेरगावी, आणि डॉक्टरनं तिला सांगितलं, अंथरुणातून उठायचं नाही, प्रवास तर नाहीच. म्हणजे तिला इकडे आणायचा प्रश्न मिटला. मी जायचं, आणि बाळंतपण उरकून, बाळ जरा मान धरायला लागलं की परत यायचं. रोज संध्याकाळी तिचा फोन, “आई, कधी येतेस?” मी म्हणायची, “येते गं, इथलं जरा लावून देते.” आता इथलं म्हणजे काय लावून द्यायचं होतं? भात मास्तरांना लावता येतो. कपडे मशीन धुतं. पण मी तिकडे बसले तर सुई कोण ओवणार? बोळातून फडकं घेऊन कोण येणार? एका नेढ्यापायी माझं जाणं अडलं होतं, आणि हे लेकीला सांगायचीही सोय नव्हती.

मग मला कॉम्प्युटरवाल्या शिलाई मशीनचा शोध लागला. पलीकडच्या गल्लीतल्या बुटिकवाल्या बाईकडे मी बटणं घ्यायला गेले होते. तिच्या मशीनला छोटा पडदा होता, खाली बटणं. तिचा दोरा तुटला. तिनं दोरा एका खाचेत अडकवला, बाजूचा खटका खाली दाबला, टिक असा आवाज झाला आणि दोरा नेढ्यातून पलीकडे. बाई त्या वेळी माझ्याकडे बघून बोलत होती. सुईकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं. मी तिथेच स्टुलावर बसले. माझं आयुष्य गेलं फडकं फिरवण्यात, आणि इथे केसाएवढा एक आकडा नेढ्यातून जातो आणि दोरा घेऊन परत येतो.

नवं मशीन आमच्या आवाक्यात नव्हतं, वापरलेलं बघायचं होतं. पण मास्तरांना ‘सुई ओवणारं मशीन घ्या’ असं म्हणायची चोरी. तेव्हा मी दुसरीकडून सुरुवात केली. म्हटलं, “अहो, हल्ली शाळेच्या कपड्यांवर नावं काढून मागतात. बुटिकवाली काढून देते. आपली गिऱ्हाइकं तिकडे चाललीत.” मास्तर दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी मलाच सांगायला लागले, “तुला कळत नाही, जमाना बदललाय. शिंप्यानं कॉम्प्युटर घेतला पाहिजे.” मी म्हटलं, “हो का? बरं.” शहाणपण नवऱ्याच्या तोंडून बाहेर पडलं की घरात चालतं, एरवी नाही.

पहिलं मशीन बघायला गेलो ते एका उंच इमारतीत. मशीन विकणारी बाई हौशी होती. हौस ही गोष्ट पैसेवाल्यांच्या घरी पाहुण्यासारखी येते आणि दोन आठवड्यांत जाते, मागे राहतं सामान. तिच्या खोलीत पियानोचा पेटारा होता, व्यायामाची सायकल होती, तिच्यावर टॉवेल वाळत होते, आणि कोपऱ्यात मशीन. मशीनवर फुलदाणी. बाईनं फुलदाणी उचलली आणि बटण दाबलं. “हे बघा, या नंबरला बदकं येतात.” आणि खरंच, कापडावर ओळीनं बदकं उमटायला लागली. “हे दाबलं की मशरूम. मी एवढा एकच रुमाल केला, पण केवढा गोड आहे ना?” मास्तर बदकांकडे मान वाकडी करून बघत होते, मोठं मर्म जाणल्यासारखे. बाई पाणी आणायला आत गेली. तेवढ्यात मी पाहिलं, त्यांनी हळूच दोरा खाचेत अडकवला आणि खटका दाबला. टिक. दोरा आरपार. माझ्या छातीत केवढं हलकं झालं! मनात मी बॅग भरायला सुद्धा घेतली.

मास्तरांनी दोरा ओढून काढला, नीट उभे राहिले आणि बाई पाणी घेऊन आल्यावर म्हणाले, “नको. मशीनमध्ये जोर नाही.”

रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, “अहो, जोर नाही म्हणजे काय?”

“तुला नाही कळायचं. बदकं काढणं वेगळं आणि शिवणं वेगळं.”

ते खरं होतं म्हणून मी गप्प बसले. खोटं बोलायचं तर माणसानं असंच बोलावं, थोडं खरं घालून.

दुसरं मशीन एका बाईंचं, ज्यांचा शिवणक्लास बंद पडला होता. या बाई मशीन विकत नव्हत्या, जावई पारखत होत्या. मशीनवर विणलेलं झाकण, झाकणाला झालर. आम्हाला बसवलं आणि उलटतपासणी सुरू. मशीन कुठल्या खोलीत ठेवणार? उन्हाची तिरीप येते का? तेल कुठलं घालता? घरात लहान मुलं आहेत का? मी म्हटलं, “एक आहे, पण अजून पोटात आहे.” त्या हसल्या नाहीत. शेवटी त्यांनी झाकण काढलं. मशीन लख्ख, पडद्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. आमच्या मास्तरांनी पुन्हा तेच केलं. आमच्याकडे पाठ करून वाकले, दोरा अडकवला, टिक. मी कान देऊन होते. मग एका चिंधीवर ओळ मारली, ती उजेडाकडे धरली, बोटानं चाचपली आणि म्हणाले, “आवाज पातळ आहे.”

त्या बाई ताडकन उठल्या आणि त्यांनी झाकण परत घातलं. “मलाही तुम्हाला द्यायचं नव्हतंच,” म्हणाल्या.

परतताना मला वाटलं, मला सगळं कळलं आहे. या माणसाला ती टिकटिक हवी आहे, पण ती हवी आहे हे कुणाला दिसायला नको आहे. मशीन घरात आलं, गिऱ्हाइकानं विचारलं की हा खटका कशाचा, तर सांगावं लागेल! सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. इकडे माझी लेक अंथरुणावर छताकडे बघत पडली आहे आणि हे मशीनचा गळा तपासत हिंडताहेत, गवयासारखे.

त्यानंतर बाजारातल्या एका मशीनवाल्याचं नाव कळलं. तो जुनी मशीनं घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. त्या दिवशी मी सोबत जाणार होते, पण एका बाईच्या ब्लाउजची बटणं राहिली होती, ती मी लावत बसले. मास्तर एकटे गेले आणि दुपारी टेम्पोतून उतरले. टेम्पोत मशीन. अंगभर खुश. मी त्यांना इतकं खुश लेकीच्या जन्मानंतर पाहिलं नव्हतं. जुनं काळं पायमशीन त्यांनी स्वतः ओढून भिंतीशी सारलं आणि नवं टेबलावर ठेवलं. “दोनशे टाके आहेत,” मला म्हणाले. “दोनशे! मोजून बघ.”

दोनशे टाके. आजवर या माणसानं तीन टाके वापरले. सरळ, उलटा आणि काजाचा. उरलेले एकशे सत्त्याण्णव काय लोणच्यात घालायचे? पण मी तेही बोलले नाही. मी म्हटलं, “छान आहे. दाखवा तरी चालवून,” आणि सुईपाशी वाकले. खटका होता. दाबला. खाली गेला, वर आला. टिक झालं नाही. मी खणातून मास्तरांचाच चष्मा काढून भिंगासारखा धरला आणि पाहिलं. आकडा मुळापासून तुटलेला. नुसतं थोटूक उरलं होतं.

“अहो, हे मोडलेलं आहे.”

“काय मोडलंय?” मास्तर पडद्याकडे बघत होते. “टाके सगळे येताहेत.”

मला वाटलं, फसवलं. भोळा बघून गळ्यात मारलं. नवरा कसाही असो, बाहेरच्यानं त्याला टोपी घातलेली बाईला खपत नाही. मी पायात चपला सरकवल्या आणि तडक मशीनवाल्याकडे गेले. त्याचं दुकान म्हणजे दोन्हीकडे मशीनांच्या रांगा आणि मधे तो, मोबाइलवर मॅच बघत. मी बोलायला लागले तशी त्यानं मॅच थांबवली, म्हणजे माझा आवाज पुरेसा चढला असणार.

“काकू, एक मिनिट,” तो म्हणाला. “तुटका आकडा मी लपवला नाही. मीच त्यांना दाखवला. म्हटलं, काका, हे घेऊ नका, हे शेजारचं घ्या. हेच मॉडेल, भावही तोच, आणि आकडा मी नवा घातलाय. त्यांनी शेजारचं चालवून पाहिलं. दोनदा दोरा ओवून पाहिला. आणि म्हणाले, नको, ते तुटकंच द्या.”

“तुटकंच द्या?”

“आईशप्पथ. धंद्यात एवढी वर्षं गेली, तुटकं मागून नेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघितलं. वर मला म्हणाले, घरून कुणी आलं तर काही बोलू नका. आता तुम्ही आल्यावर पहिलंच वाक्य हे बोललात, मी काय करू?”

मी तिथेच एका मशीनच्या फळीवर टेकले. बदकांचं मशीन ओवत होतं, म्हणून नको. झालरवालं ओवत होतं, म्हणून नको. हा माणूस सुई ओवणारं मशीन शोधत नव्हता. न ओवणारं शोधत होता! सुई ओवली गेली असती तर मी लेकीकडे गेले असते, आणि ते होऊ नये म्हणून यांनी सगळा बाजार पालथा घातला. गरोदर लेकीच्या आणि माझ्या मधे बापानं मोडका आकडा आणून ठेवला. चीड म्हणजे काय ते मला त्या फळीवर बसून कळलं.

मशीनवाल्याला म्हटलं, बदलून दे. त्यानं निमूटपणे शेजारचं मशीन स्कूटरवर पुढे ठेवलं आणि माझ्यामागून घरी आणून दिलं, तुटकं घेऊन गेला. मास्तर टेबलाशी उभे होते. मशीनवाल्याला बघून त्यांचा चेहराच पडला.

तो गेल्यावर मी दार लोटलं आणि विचारलं, “तुटकं का घेतलंत?”

“घेताना लक्षात आलं नाही.”

“अहो, निदान आता तरी खोटं बोलू नका. तो सगळं बोललाय.”

मास्तर टेपची गुंडाळी करायला लागले. केली, सोडली, पुन्हा केली.

“मी जाऊ नये असं वाटत होतं ना?” मी म्हटलं. “मग तोंड कुठे गेलं होतं? जाऊ नकोस म्हणायला काही सुई ओवावी लागत नाही!”

“तसं नाही.”

“मग कसं?”

ते रिळांच्या फळीकडे गेले, दोन रिळं उचलली आणि माझ्यासमोर धरली. “यातलं काळं कुठलं?”

मला वाटलं माझी फिरकी घेताहेत. एक रीळ काळं होतं, एक गडद निळं. आंधळ्यानंही सांगितलं असतं, असं म्हणणार होते, आणि जीभ आवरली.

“मला दोन्ही सारखी दिसतात,” मास्तर म्हणाले. “निळं, काळं, गडद हिरवं, सगळं एकच. चष्मा लावूनसुद्धा. सुई काय, मशीन ओवेल. रंग कोण सांगणार? तू गेलीस की मी निळ्या पँटला काळा दोरा मारणार. एकदा मारला, दोनदा मारला, की झालं. गल्लीभर होईल, मास्तर आंधळा झाला.”

“डॉक्टरला दाखवलंत?”

“गेलो होतो एकदा. मोतीबिंदू म्हणाला. काढावा लागेल म्हणाला.”

“मग?”

“मग काय? आलो घरी.”

मला त्यांच्या भीतीचं मूळ ठाऊक होतं. ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्या म्हाताऱ्या शिंप्यानं फार पूर्वी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं, आणि त्यानंतर तो मशीनवर बसला नाही. पण त्या गोष्टीला जमाना लोटला. आता माणसं सकाळी मोतीबिंदू काढतात आणि दुपारी घरी येऊन टीव्हीवर भांडणं बघतात. आणि हा माणूस पाव तासाच्या ऑपरेशनला घाबरून दोनशे टाक्यांचं मोडकं मशीन घेऊन येतो! इतका बावळटपणा एका जागी मी पाहिला नव्हता, आणि मी कमी पाहिलेला नाही.

पण खरं सांगू? मला लागलं ते वेगळंच. ‘रंगातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.’ माझ्या सगळ्या संसारातलं तेवढं एक कौतुक. त्याच्यावर मी किती दिवस काढले, किती वेळा मनात घोळवलं, जावयाच्या बहिणीला सुद्धा एकदा सांगितलं. तेही कौतुक नव्हतं. मोतीबिंदू होता.

मी आत गेले आणि लेकीला फोन लावला. म्हटलं, “माझं काही जमेलसं दिसत नाही गं. तुझ्या बाबांचे डोळे बिघडलेत. एखादी बाई ठेवून घे, मी पैसे पाठवते.” बोलताना मला माझाच राग येत होता. इतक्या शिव्या घालून शेवटी मी करत होते काय, तर खुर्चीवर टेप पडला म्हणून फडकं घेऊन निघाले होते, आतल्या आत.

लेक म्हणाली, “बाबांना दे.”

मी फोन नेऊन मास्तरांच्या हातात दिला. आवाज मोठा होता, मला ऐकू येत होतं.

“बाबा, मला भीती वाटते,” लेक म्हणाली. “मला आई हवी आहे.”

एवढंच. रडली नाही, भांडली नाही. बघा, असं बोलतात. भीती वाटते तर भीती वाटते म्हणायचं, माणूस हवं तर हवं म्हणायचं. कुणाकडून शिकली कुणास ठाऊक, या घरात तर कुणी शिकवलं नव्हतं. मास्तर फोन कानाला लावून उभे होते. ‘हो’ म्हणाले, पुन्हा एकदा ‘हो’ म्हणाले आणि फोन माझ्याकडे न देता टेबलावर ठेवला.

तेवढ्यात दार ढकलून वकीलबाई आल्या. त्यांची पँट लांबीला कमी करायची होती, कोर्टात जायची घाई होती. “बसते मी, पाच मिनिटांचं तर काम आहे,” म्हणाल्या, आणि बाकावर बसून मोबाइलमध्ये डोकं घातलं. पँट गडद निळी. मास्तरांनी पँट घेतली, खाली दुमडली, टाचण्या लावल्या. मी बोळात उभी. आता हाक येणार, अगं, याला दोरा काढून दे. माझं एक पाऊल पुढे पडलं सुद्धा होतं.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ती दोन रिळं अजून टेबलावरच होती. त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली आणि वकीलबाईंसमोर जाऊन उभे राहिले. रिळं पुढे केली. गल्लीत मान वर करून चालणारा माझा नवरा मी पहिल्यांदा असा उभा पाहिला.

“बाई,” ते म्हणाले, “यातलं निळं कुठलं? मला दिसत नाही.”

वकीलबाईंनी मोबाइलवरून अर्धी नजर उचलली. “हे, तुमच्या डाव्या हातातलं,” म्हणाल्या आणि नजर पुन्हा खाली.

मास्तर हलेनात. “मोतीबिंदू आहे मला,” ते म्हणाले, जरा मोठ्यानं. “काढायचाय. बायको लेकीकडून आली की काढणार.”

“काढून टाका हो,” बाई मोबाइलमध्ये बोट फिरवत म्हणाल्या. “आमच्या सासऱ्यांचा मागेच काढला. काही नसतं त्यात. पँट आज मिळेल ना?”

“मिळेल,” मास्तर म्हणाले.

ते मशीनवर बसले. निळा दोरा चाचपत खाचेत अडकवला, खटका दाबला, टिक झालं. बाईंनी ते ऐकलं सुद्धा नाही. म्हणजे एवढंच होतं ते! एवढ्यासाठी मी आयुष्यभर धूळ नसलेलं मशीन पुसलं, एवढ्यासाठी हा माणूस भीती घेऊन झोपला, एवढ्यासाठी माझी पोर एकटी पडून राहणार होती. ज्यांच्यापासून लपवायचं, त्यांना बघायला फुरसतच नव्हती. मला मास्तरांची कीव आली, वकीलबाईंचा राग आला, आणि सगळ्यात जास्त राग आला तो माझा.

टेबलावरचा फोन मी उचलला. लेकीनं तो बंदच केला नव्हता, तिकडून तिचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, “ऐकलंस ना? उद्याच्या रात्रीच्या गाडीनं निघते.”